नऊशे ऐंशी ग्रॅम

हंगाम संपला, म्हणून पॅकहाउसचा काटा
चार दिवसांसाठी घरी आणलाय.
फेब्रुवारीत याच्यावर द्राक्षाची पेटी
पाच ग्रॅम कमी भरली तरी मी परत पाठवायचे.
आता याच्यावर ठेवलेत
बारा-बारा दातांचे दोन लोखंडी पंजे.
नऊशे ऐंशी ग्रॅम.
पिशवीसकट एक किलो तीस.

बाहेर सिडकोत एकेचाळीस डिग्री.
समोरच्या गच्चीवर पापड उचलायलाही कुणी येत नाही,
आणि मी फरशीवर बसून ठरवतेय
की जूनमध्ये, चौदा हजार फुटांवर,
बर्फ असेल का.

तिकडचा वाटाड्या फोनवर म्हणतो, यंदा कमी पडलाय.
मग थांबतो.
पण नाल्यातला तुकडा सावलीत असतो, म्हणतो,
सकाळी आठच्या आत काच,
आठनंतर भात.
तुम्ही तिथे किती वाजता पोहोचणार,
हे तो मला विचारतो.
मी त्याला.

दवंगेंकडे गेले.
ते पाय उशीवर ठेवून क्रिकेट बघत होते.
म्हटलं, चाळीस पावलांसाठी
आठ दिवस किलोभर लोखंड वाहायचं?
"चाळीसच होती," ते म्हणाले,
"मी एकतिसाव्याला बसलो."
बसलो म्हणाले. घसरलो नाही म्हणाले.
वहिनींनी टीव्हीचा आवाज वाढवला.
निघताना त्यांनी आपली बर्फाची कुऱ्हाडही हातात दिली.
माझ्या उंचीला ती लांब पडते
हे दोघांनाही दिसत होतं.

रविवारी सगळं पाठीवर घालून रामशेज.
पायथ्याला करवंदं विकणाऱ्या भागाबाईंनी
सॅकबाहेर लोंबणारे दात बोटानं चाचपले.
"कुळवाचे हायेत का?"
नाही, बर्फावर चालायचे.
"बर्फ तर गोळ्यात असतो, बाई."
आणि द्रोणात मूठभर जास्तीची घातली,
जणू मला बरं नाही.

मग राहिला गांगुर्डे.
अंबडच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो,
शेवाळेमामांचा भाचा, कमी बोलतो.
साडेदहाला त्यानं सहा लाद्या उताराला टेकवून दिल्या,
खाली पोतं टाकलं, आणि पोत्यावर स्वतः उभा राहिला.
पट्टा दोनदा उलटा बांधला मी.
मग पहिलं पाऊल: कर्र.
दुसरं: कर्र.
अंगावर घाम तसाच, आणि तळव्यापासून पोटरीपर्यंत
एक वेगळाच महिना.
नंतर पंजे काढून तेच करून पाहिलं.
तेच म्हणजे एक पाऊल,
आणि गांगुर्डेचा खांदा.
तो हसला नाही.
"इथं खाली मी होतो," म्हणाला. "तिकडं काय असतं?"

विरळणीला बायका घडाला नुसता हात लावतात
आणि त्यांना कळतं, कोणता मणी काढायचा.
काढलेलेही चांगलेच असतात, हिरवे, निरोगी.
नाही काढले तर उरलेले फुगत नाहीत.
मी वीस वर्षं हे बघतेय, करतेय, दुसऱ्यांना शिकवतेय.
सॅकपुढे बसले की कात्री चालत नाही.

जीन्स काढली.
चिवडा काढला, पाव किलो परत घातला.
जाड टॉवेल काढला, पातळ पंचा घेतला.
कुऱ्हाड दाराआड उभी केली, उद्या देऊन येईन,
आणि दवंगे विचारणार नाहीत.
पंजे तीनदा आत गेले, तीनदा बाहेर आले.

बाराच्या सुमारास उठले.
माळ्यावर ठिबकच्या जुन्या नळीचं वेटोळं होतं.
कात्रीनं बोटभर लांबीचे तुकडे केले
आणि एकेका दातावर बसवले,
म्हणजे सॅक फाटायला नको.
चोवीस तुकडे.
दोन तेवढे सैल बसले.

पंजे सगळ्यात वर ठेवले,
नाशिकरोडला गाडी येईपर्यंत काढता येतील असे.
वजन पुन्हा केलं नाही.